कॉन्सुलच्या छत्राखालून सासरच्या छपराखाली

थायलंडच्या ईशान्येकडील इसान भागात, उडॉन थानी किंवा खोन केनच्या आसपासच्या भातशेतीत वसलेल्या खेड्यांतही आज एखादे तरी घर परदेशी जावयाचे म्हणून ओळखले जाते. नवरा जर्मन, ब्रिटिश नाही तर स्वीडिश, बहुधा निवृत्त, बायको गावचीच. त्याचा दिवस निवांत जातो. सकाळच्या बाजारातून चिकट भात येतो, संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर बैठक होते, विहारातल्या सणाला त्याच्याकडून वर्गणी जाते. मात्र या निवांतपणामागे कागदपत्रांचे एक वेळापत्रक सतत चालू असते. आपण कुठे राहतो हे दर 90 दिवसांनी इमिग्रेशन खात्याला कळवायचे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की घरमालकाने 24 तासांत वर्दी द्यायची. निवृत्त म्हणून राहायचे तर वयाची पन्नाशी गाठलेली हवी आणि बँकेत 8 लाख बाट किंवा महिना 65 हजारांचे उत्पन्न दाखवायला हवे. थाय बायकोचा नवरा म्हणून राहायचे तर 4 लाख किंवा महिना 40 हजार. हे सारे दरवर्षी नव्याने सिद्ध करायचे. एवढे करूनही ज्या घरात तो राहतो, त्या घराखालची जमीन त्याच्या नावावर होत नाही. या जाचाचे दोन ठरीव खुलासे दिले जातात. एक म्हणजे सरकारी बाबूंची कागदाची हौस, दुसरा म्हणजे थाय लोकांच्या हसऱ्या चेहऱ्याआडचा परकीयद्वेष. दोन्ही खुलासे अपुरे आहेत. आज खेड्यातल्या परदेशी माणसाला जे नियम बांधतात त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकात सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, उत्तरेतल्या सागाच्या जंगलांत आहेत. परदेशी माणूस, त्याच्या हातातली जमीन आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले परके न्यायालय या तीन गोष्टी एकत्र आल्या की राज्य कसे खिळखिळे होते, हे बँकॉकने तिथे पाहिले. पुढची शंभर वर्षे त्याने त्या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडण्यात घालवली.

सुरुवात 18 एप्रिल 1855 च्या बाउरिंग तहापासून होते. हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग आणि राजा मोंगकुटचा दरबार यांच्यात झालेल्या या तहाने आयात जकात तीन टक्क्यांवर आणली, व्यापारावरचे राजाचे मक्ते मोडले आणि ब्रिटिश प्रजेला सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. ब्रिटिश प्रजाजनाने सयाममध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय ब्रिटिश कॉन्सुल करणार, असे ठरले. पाठोपाठ अमेरिका, फ्रान्स आणि युरोपातल्या इतर सत्तांनी तशाच सवलती मिळवल्या. जमिनीबाबत मात्र मोंगकुटने सावधपणा दाखवला. परदेशी माणसाने कायमचे राहायचे ते बँकॉकमध्येच. शहराच्या तटापासून सुमारे चार मैलांच्या आत त्याला जमीन विकत घ्यायची असेल, तर आधी सयाममध्ये दहा वर्षे राहिलेले असले पाहिजे किंवा खास परवानगी हवी. त्यापलीकडे, देशी होडीने चोवीस तासांत पोहोचता येईल इतक्या टापूत घर, जमीन, मळा घेण्यास मुभा होती. म्हणजे ज्याला आपला कायदा लागू होत नाही अशा माणसाच्या हाती जमीन किती दूरवर जाऊ द्यायची, याची रेघ पहिल्याच तहात ओढली होती. मोंगकुटचा हिशेब असा की परदेशी लोक राजधानीच्या नजरेखाली राहतील, प्रांतांत त्यांचे कामच काय!

हा हिशेब उत्तरेत चुकला. च्यांग माई, लाम्पांग, लाम्फून, फ्रे, नान या लान्ना प्रदेशातल्या संस्थानांवर तेव्हा बँकॉकचे राज्य नव्हते, फक्त अधिसत्ता होती. तिथले राजे खंडणी पाठवत आणि कारभार स्वतः पाहत. जंगले त्यांच्या मालकीची होती. 1852 च्या युद्धापर्यंत दक्षिण ब्रह्मदेश ब्रिटिशांकडे गेला होता आणि सालवीन नदी ओलांडून तिथून सागवानासाठी येणारे मोन, बर्मी आणि शान व्यापारी ब्रिटिश प्रजा ठरले. प्रांतिक सयाममधला पहिला मोठा ‘परदेशी’ समाज हा, आणि तो गोरा नव्हता. ही माणसे त्याच विहारांत जात, बाजारात सहज मिसळत, स्थानिक बायकांशी लग्ने करत. लाम्पांगमध्ये बर्मी धाटणीची कोरीव लाकडी विहारे आजही उभी आहेत. ती सागाच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या या लोकांनी पुण्यासाठी बांधली. फरक एवढाच होता की भांडण झाले की त्यांच्या खिशातून ब्रिटिश नोंदणीचा कागद निघे. राजाने एकच जंगल दोघांना ठेक्याने दिले, ओंडके अडवले किंवा दरोड्याची दाद घेतली नाही, की तक्रार थेट बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीत जाई. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा दाव्यांत च्यांग माईच्या राजावर भरपाईच्या एवढ्या मोठ्या रकमा बसल्या की त्या फेडायला त्याला बँकॉककडून कर्ज काढावे लागले. कर्ज आले तसा सावकाराचा शब्दही आला.

लंडन आणि कलकत्त्याचे लक्ष या भागाकडे वळले ते सागामुळेच. जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना साग हवा होता. त्याचे काम चिकाटीचे होते. ओला साग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून बुंध्याभोवती खोल कडे कोरून झाड उभ्या उभ्या सुमारे दोन वर्षे वाळू द्यायचे, मग तोडायचे. हत्तींनी ओंडके ओढून ओढ्यात आणायचे, पुराची वाट पाहायची. पिंग, वांग, योम आणि नान या नद्यांतून ते खाली नाखोन सावनला पोहोचत आणि तराफ्यांच्या रूपात पुढे बँकॉकला जात. तोडलेले झाड बंदरात पोहोचायला कित्येक वर्षे लागत. तेवढी वर्षे पैसा गुंतवून बसणे छोट्या बर्मी ठेकेदारांना जमेना आणि 1880 च्या दशकापासून मोठ्या कंपन्या उतरल्या. त्यांत बोर्निओ कंपनी होती आणि आपल्या मुंबईची बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनही होती. वॉलेस बंधूंनी 1863 मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही कंपनी सयाममध्ये येण्याआधीच तिथल्या दरबाराला नावाने ठाऊक होती. ओंडक्यांची संख्या लपवल्याबद्दल मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला, त्या वादाचे निमित्त करून ब्रिटिशांनी 1885 मध्ये निर्वाणीचा खलिता धाडला, आणि नोव्हेंबर संपण्याआधी राजा थिबाचे राज्य संपले. हा थिबा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि तिथेच वारला, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. परदेशी कंपनीशी जंगलावरून झालेले भांडण राज्य घालवू शकते, हा धडा बँकॉकने शेजारच्या घरातून घेतला. तीच कंपनी काही वर्षांत च्यांग माईत आली.

मोंगकुटचा मुलगा राजा चुलालोंगकॉर्न याने या धोक्यावर काढलेला उपाय चतुर होता. परदेशीयांचे हक्क नाकारण्याऐवजी ते पाळण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली. 1874 मध्ये कलकत्त्यात झालेल्या करारानुसार च्यांग माईत बँकॉकचा आयुक्त आला. 1883 च्या दुसऱ्या कराराने तिथे सयामी न्यायाधीशांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन झाले. ते ब्रिटिश प्रजेचे खटले सयामी कायद्याने चालवी, मात्र हवा तो खटला स्वतःकडे ओढून घेण्याचा अधिकार ब्रिटिश कॉन्सुलकडे राहिला. उपकॉन्सुलही च्यांग माईत राहू लागला. वरवर पाहता ही परक्यांना दिलेली आणखी एक सवलत होती. प्रत्यक्षात लान्नाच्या राजाच्या हातून न्याय गेला आणि तो बँकॉककडे आला. 1896 मध्ये बँकॉकने वनखाते काढले, ब्रह्मदेशातल्या वनसेवेतून एच. स्लेड या ब्रिटिश अधिकाऱ्याला प्रमुख नेमले आणि ठेके देण्याचा अधिकारही राजांच्या हातून काढून घेतला. 1902 मध्ये फ्रेमध्ये शान लोकांचे बंड झाले. बंडखोरांत ब्रिटिश प्रजा म्हणवणारे पुष्कळ होते. बंड मोडल्यावर फ्रेचा राजा पदच्युत झाला आणि ते संस्थानच संपले. थोडक्यात, च्यांग माईला बँकॉकच्या नकाशात आणले ते सैन्यापेक्षा परदेशी रहिवाशांच्या खटल्यांनी.

मिशनऱ्यांच्या कहाणीचा साचाही हाच आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन डॅनियल मॅकगिलव्हरी 1867 मध्ये च्यांग माईला पोहोचला. दोन वर्षांनी राजा कावीलोरोत याने दोन नवख्रिस्ती प्रजाजनांना ठार करवले. पुढे एका ख्रिस्ती लग्नात कुळाच्या देवतेचे देणे द्यायचे की नाही यावर वाद पेटला, मिशनने बँकॉककडे धाव घेतली आणि 1878 मध्ये चुलालोंगकॉर्नच्या नावाने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. मिशनला हवे ते मिळाले, आणि च्यांग माईच्या राजाचा आपल्याच प्रजेवरचा आणखी एक अधिकार गेला. मिशनने त्या बदल्यात शहराला शाळा, दवाखाने आणि कुष्ठरोग्यांची वसाहत दिली, हे नाकारता येणार नाही. सागवानवाल्या ब्रिटिशांनी 1898 मध्ये जिमखाना क्लब काढला. त्याच वर्षी चुलालोंगकॉर्नने परदेशीयांच्या दफनभूमीसाठी जागा दिली, ती कधीही विकायची नाही या अटीवर. प्रांतातल्या परदेशी माणसाचा त्या काळचा दिनक्रम या संस्थांभोवती फिरत असे. पावसाळ्यात जंगलातला तळ, हिवाळ्यात शहरात क्लब आणि घोड्यांच्या शर्यती, वर्षातून काही वेळा कॉन्सुलकडे जेवण. घरात स्थानिक बाई असे, पण तिचे नाव कागदावर क्वचितच येई. त्याच्या सुरक्षिततेला तिची गरज नव्हती. ती सुरक्षितता कॉन्सुलकडे होती.

या व्यवस्थेचा हिशेब 1909 च्या इंग्रज–सयामी तहाने मिटवायला सुरुवात झाली. सयामने केदा, केलांतान, त्रेंगानू आणि पर्लिस या मलय संस्थानांवरचा हक्क सोडला. ब्रिटनने दक्षिणेकडच्या रेल्वेसाठी 40 लाख पौंडांच्या कर्जाची सोय केली आणि आपल्या प्रजेवरचा कॉन्सुलचा न्यायाधिकार टप्प्याटप्प्याने सोडण्याचे मान्य केले. बदल्यात ब्रिटिश प्रजेला साऱ्या सयाममध्ये राहण्याचा, फिरण्याचा आणि मालमत्ता बाळगण्याचा देशी लोकांसारखा हक्क मिळाला. या सौद्याची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्यात सगळे सूत्र आहे. सयामने जमीन दिली आणि न्यायालय परत घेतले. आमच्या कायद्याखाली यायला तयार असाल तर कुठेही शेत घ्या. तयार नसाल तर बँकॉकच्या परिघात राहा, असा त्याचा अर्थ होता. उरलेले न्यायाधिकार सोडवायला आणखी तीन दशके लागली. पहिल्या महायुद्धात सयामने 1917 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा उत्तरेकडची रेल्वे बांधणारे जर्मन अभियंते स्थानबद्ध झाले. च्यांग माईच्या वाटेवरच्या खुन तान बोगद्याचे काम पाहणारा एमिल आइझेनहोफर हा त्यांतलाच एक. परदेशी माणूस कितीही उपयोगी असला तरी त्याचे इथले राहणे राज्यांमधल्या नात्यावर टांगलेले असते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. युद्धानंतरच्या वाटाघाटींत जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे विशेष हक्क रद्द झाले, 1920 मध्ये अमेरिकेने आणि त्यानंतर युरोपीय सत्तांनी अटींवर ते सोडले, आणि 1937–38 मध्ये नवे करार होऊन ते पूर्ण संपले.

इथे पहिला आक्षेप येतो. थाय राज्याचे परकीयविषयक कायदे गोऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून झालेच नाहीत, ते चिनी स्थलांतरितांना आवरण्यासाठी झाले. मग सागाच्या जंगलांची आठवण कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. प्रांतांतला सर्वांत मोठा परदेशी समाज चिनीच होता. तांदळाची गिरणी, किराणा आणि उधारी त्यांच्या हातात होती. एकोणिसाव्या शतकात त्यांना वेठ माफ होती, त्याऐवजी ते दर तीन वर्षांनी डोईपट्टी भरत, आणि भरल्याची खूण म्हणून मनगटाला दोरा बांधून त्याच्या गाठीवर मोहोर उमटवली जाई. 1910 मध्ये त्यांना इतरांसारखा वार्षिक कर लावला तेव्हा बँकॉकमधल्या चिनी दुकानदारांनी संप केला. 1927 मध्ये पहिला इमिग्रेशन कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पंतप्रधान फिबुनच्या सरकारने परकीयांना अनेक धंदे बंद केले आणि 1943 मध्ये च्यांग माई, लाम्पांग, फ्रे यांसारखे उत्तरेतले प्रांतच त्यांना निषिद्ध ठरवले. चिनी कुटुंबांना दुकाने सोडून निघावे लागले. 1952 मध्ये परकीयांच्या वार्षिक नोंदणीची फी 20 बाटवरून एकदम 400 वर गेली. आजच्या 90 दिवसांच्या वर्दीचा आणि वार्षिक मुदतवाढीचा पूर्वज चिनी माणसाच्या मनगटावरच्या त्या दोऱ्यात शोधणे अधिक बरोबर, हे मान्य करायला हवे.

पण आक्षेप तेवढ्यावर थांबत नाही आणि उत्तरही थांबू नये. चिनी माणसाला बाहेर पडायची एक वाट मोकळी होती: थाय होणे. 1913 च्या नागरिकत्व कायद्याने सयाममध्ये जन्मलेले मूल सयामी ठरले. मुलगा थाय शाळेत गेला, थाय आडनाव घेतले, विहारात भिक्षू म्हणून काही दिवस राहिला, की दोन पिढ्यांत परकेपणा ओसरे. ज्या चिन्यांनी युरोपीय वकिलातींत नाव नोंदवून संरक्षणाचा कागद मिळवला, त्यांच्याबद्दल मात्र बँकॉकचा संताप वेगळ्या जातीचा होता. म्हणजे राज्याला परक्या वंशाची नव्हे, पाठीशी परकी सत्ता असलेल्या रहिवाशाची धास्ती होती, आणि ती धास्ती मोन, बर्मी, शान ठेकेदारांनी उत्तरेत शिकवली होती. चिन्यांविरुद्धच्या कायद्यांनी हत्यारे पुरवली. ती कुणावर आणि का चालवायची याचा विचार त्याआधीचा होता. नंतरच्या काळातही हे दिसते. 1960 च्या दशकात व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकन हवाई दल उडॉन, उबोन, नाखोन फानोम, कोराट इथे उतरले, युद्ध ऐन भरात असताना सुमारे 50 हजार अमेरिकन सैनिक थायलंडमध्ये होते. तरी प्रत्येक तळ अधिकृतरीत्या रॉयल थाय एअर फोर्सचाच राहिला आणि झेंडा थायच फडकला. 1975 मध्ये थाय सरकारने परत जा म्हटले आणि 1976 च्या मध्यापर्यंत ते गेले. इसानमधल्या गावांत परदेशी जावई ही गोष्ट नित्याची झाली ती या तळांनंतर. सैनिक गेले, पण इसानच्या बायकांना परदेशाची आणि परदेशी पुरुषांना इसानची वाट सापडली होती.

न्यायालय परत मिळाल्यावर राहिली जमीन. 1909 च्या सौद्यात दिलेली जमीन आता परत घेता येत होती, कारण बदल्यात काहीच द्यायचे उरले नव्हते. 1954 च्या जमीन संहितेने परकीयांना जमीन फक्त करारांच्या आधारेच घेता येईल असे ठरवले, आणि 1970 पर्यंत थायलंडने ते करार संपुष्टात आणले. संहितेतले कलम राहिले, पण ते ज्यावर उभे होते ते करार नाहीसे झाले. 1979 पासून 39 धंदे परकीयांना बंद झाले; त्यांत केस कापणे, गाडी हाकणे आणि दुकानात विक्री करणे हेही होते. फटी ठेवल्या त्या मोजून. सदनिका विकत घेता येते, पण इमारतीतले 49 टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्र परकीयांकडे जाऊ शकत नाही. जमीन 30 वर्षांच्या भाड्याने मिळते. 4 कोटी बाट गुंतवणाऱ्याला राहण्यापुरती एक राय, म्हणजे 1,600 चौरस मीटर, जमीन मंजुरीने मिळू शकते. इसानच्या खेड्यातल्या निवृत्त माणसासाठी ही तरतूद असून नसल्यासारखी. हा पालट एका आयुष्यात पाहणारा, च्यांग माईचा ब्रिटिश कॉन्सुल आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बसणारा डब्ल्यू. ए. आर. वुड 1970 मध्येच वारला आणि चुलालोंगकॉर्नने दिलेल्या त्या दफनभूमीत पुरला गेला. तो 1896 मध्ये सयामला आला, स्थानिक स्त्रीशी लग्न केले, निवृत्तीनंतरही तिथेच राहिला. कॉन्सुलच्या न्यायाधिकाराचे अखेरचे दिवस त्याच्या हातांनी गेले आणि परकीयांच्या जमिनीच्या हक्काचा अंत त्याच्या मृत्यूच्या वर्षी झाला.

यातून परदेशी माणसाच्या घरगुती आयुष्यात जो पालट झाला तो कायद्याच्या पुस्तकात थेट सापडत नाही. सागवानवाल्याचे छत्र कॉन्सुलकडे होते. आजच्या निवृत्ताचे छप्पर बायकोच्या नावावर आहे. 1999 पर्यंत परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाय स्त्रीलाच जमीन घेता येत नसे, म्हणून गावातल्या बायका असे लग्न नोंदवायचेच टाळत किंवा जमीन आई-भावाच्या नावावर घेत. त्या वर्षी नियम बदलला आणि एक विलक्षण कागद जन्माला आला. जमीन नोंदणी कार्यालयात परदेशी नवरा सही करून जाहीर करतो की खरेदीचे पैसे पूर्णपणे बायकोचे स्वतःचे आहेत, त्यावर आपला काही हक्क नाही. पैसे बहुधा त्याचेच असतात, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना ठाऊक असते. त्यानंतर संरक्षण म्हणून तो बायकोकडून आजन्म उपभोगाचा हक्क नोंदवून घेऊ शकतो, घराची इमारत आपल्या नावे ठेवू शकतो; मालक मात्र होत नाही. घराच्या नोंदवहीतही थाय कुटुंबाची पुस्तिका निळी, परक्याची पिवळी. म्हणून गावातली त्याची पत ठरते ती सासूच्या, मेहुण्याच्या आणि गावप्रमुखाच्या मनावर. पत्त्याची वर्दी घरमालक देतो, लग्नाच्या आधारे मिळणाऱ्या मुदतवाढीला बायकोची हजेरी लागते, शेजारी साक्षीला लागतात. अंत्यसंस्काराला जाणे, सोंगक्रानच्या सणाला वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालणे, विहाराच्या बांधकामाला देणगी देणे हे सौजन्य तर आहेच, पण त्याच्या परिस्थितीत ती सुरक्षिततेची गुंतवणूकही आहे. बॉम्बे बर्माच्या साहेबाला शेजारी नाराज झाला तर फारसे बिघडत नसे. आजच्या परदेशी जावयाचे बिघडते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे कागदावरच आहे. नावापुरते थाय भागीदार घेऊन कंपनी काढायची आणि कंपनीच्या नावे जमीन घ्यायची, हे फुकेत आणि पट्टायात सर्रास चालते; मग इतिहासाचे एवढे ओझे कायद्यावर कशाला टाकायचे? याचे उत्तर त्याच पळवाटेत आहे. नामधारी भागीदाराची कंपनी बेकायदा असल्यामुळे ती जोवर कोणी बघत नाही तोवरच टिकते, आणि सरकारने मनावर घेतले की तिची चौकशी होते. म्हणजे पळवाट घेणारा परदेशी मालक होत नाही, आणखी परावलंबी होतो. कायद्याचा हेतू, परक्याचा पाय घट्ट रोवू न देणे, पळवाटेतूनही साधतो. तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. वीस वर्षे गावात राहिलेला, थाय बोलणारा, तिथल्या नातवंडांना वाढवणारा माणूस बायको वारली किंवा लग्न मोडले की एका झटक्यात पाहुणा ठरतो. त्याने सयामवर कधी राज्य केले नाही आणि करणारही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कॉन्सुलचे पाप त्याच्या माथी का?

इतिहासाने एखादी गोष्ट समजते, एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. बँकॉकची भीती 1874 मध्ये खरी होती, 1909 मध्ये तिने शहाणपणाचा सौदा केला, 1938 मध्ये तिचे मूळ कारण संपले. त्यानंतर जी उरली ती सवय. न्यायालय हाती आल्यावरही जमिनीची बंदी मोठ्या परकीय भांडवलाविरुद्ध समर्थनीय ठरते, कारण किनाऱ्यावरच्या जमिनी परदेशी पैशाने विकत घेतल्या तर स्थानिक माणूस भाडेकरू होईल ही धास्ती आजही खोटी नाही. पण खेड्यातल्या एका घराच्या तुकड्यावर तोच नियम लावणे म्हणजे हत्तीसाठी खणलेल्या खड्ड्यात शेळी पाडणे. उपाय थायलंडला बाहेरून आणायचीही गरज नाही. मोंगकुटने 1855 मध्ये जमिनीसाठी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती, तेव्हा तो परदेशी माणूस त्याच्या कायद्याबाहेर होता. आज तोच माणूस पूर्णपणे थाय कायद्याखाली आहे. दहा वर्षे कायदा पाळून राहिलेल्याला राहत्या घरापुरती मालकी आणि कायम वास्तव्य द्यायला कोणतीही ऐतिहासिक हरकत उरलेली नाही. सध्या मात्र कायम वास्तव्याच्या परवान्याची मर्यादा प्रत्येक देशाच्या नागरिकांना वर्षाला शंभर इतकीच आहे.

मुंबई-पुण्यातून च्यांग माईत किंवा हुआ हिनला निवृत्त होऊन राहण्याचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. तिथे स्वागत मनापासून होते, सदनिका विकत मिळते, भाडेपट्टा तीस वर्षांचा मिळतो. जमीन मिळत नाही, आणि भारतीय पारपत्रही त्याला अपवाद नाही. घर घ्यायचे असेल तर आधी नाते आणि वकील हे दोन्ही पक्के करावेत, आणि जे पैसे गमावले तरी चालतील तेवढेच दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत घालावेत.